बरोबरीचा पॉइंट

लंडन हीसुद्धा एक काउंटी आहे, हे मला ईलिंगमधल्या माझ्या घरमालकांनी सांगितलं. इंग्रजांच्या नकाशात नव्हे, आयरिश लोकांच्या खेळात. तिकडे प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, गावोगावचे क्लब हर्लिंगची स्पर्धा खेळतात, आणि पोटासाठी समुद्र ओलांडून आलेल्यांनी लंडनलाही त्या काउंट्यांच्या रांगेत बसवून टाकलं होतं. वरचा दर्जा सीनियर, मग इंटरमीजिएट, सगळ्यात खाली ज्युनिअर. मालकांचा क्लब ज्युनिअरमध्ये होता. “आमच्या खाली फक्त गवत,” ते म्हणायचे.

त्यांच्याकडे मी राहायला आलो तेव्हा लंडनमध्ये अगदीच नवा होतो. विदर्भातलं तालुक्याचं गाव, अमरावतीला इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, आणि तिथून कंपनीने वर्क परमिटवर इकडे पाठवलेलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. त्यामुळे कुणी आपुलकीने वागलं की मला आधी संकोच वाटायचा. मालकांनी पहिल्या दिवशी स्वयंपाकघर दाखवलं आणि म्हणाले, “खिडकी उघड, दार लाव, आणि काय तळायचं-जाळायचं ते कर. माझी बायको कोबी उकडायची. त्यापेक्षा वाईट वास जगात नाही.” बायको जाऊन काही वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मागची खोली रिकामी ठेवण्यापेक्षा कुणीतरी वावरावं म्हणून त्यांनी मला घेतलं होतं, असं मला पुढे लक्षात आलं.

मुलगा माझ्याच वयाचा. छपरांच्या लाकूडकामात तरबेज. जन्म ईलिंगचा, बोलणं पक्कं लंडनचं, पण हातात काठी दिली की तो तिकडचा होऊन जायचा. हर्लिंगची काठी ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची, खाली चपटी आणि रुंद, हॉकीपेक्षा मोठ्या पंजाची. चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा, पांढऱ्या चामड्याचा. तो हवेत उडवून पळता पळता मारायचा. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. मागच्या अंगणात त्याने मला एकदा खेळायला लावलं. मी सरळ बॅटने खेळतात तसा पाय काढून फटका मारला. चेंडू शेजारणीच्या काचघरात गेला. मालक खिडकीतून ओरडले, “अरे वा! पॉइंट आहे तो!”

एक नियम मला फार आवडला होता. त्या स्पर्धेत सामना बरोबरीत सुटला तर त्याच दिवशी निकाल लावायची घाई नसायची. दोन्ही संघ घरी जायचे आणि दोन आठवड्यांनी तोच सामना पुन्हा पहिल्यापासून खेळायचे. मला हे मोठ्या मनाचं वाटलं. आमच्या परीक्षेत असं काही असतं तर किती मुलं वाचली असती!

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा आम्ही तिघं जेवत होतो. मुलगा ताटात बघत म्हणाला, “मामाने बोलावलंय. तिकडे इतकी घरं बांधतायत की सुतार मिळेनात.”

ती वर्षं तशीच होती. ज्या देशातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामासाठी बाहेर पडली, तिथेच आता कामाला माणसं कमी पडत होती, आणि लंडनमधले तरुण एकेक करून परत चालले होते. क्लबचा निम्मा संघ तसाच गेला होता.

मालकांनी मीठ घेतलं. “आणि चॅम्पियनशिप?”

“चॅम्पियनशिप संपल्यावर जाईन.”

“संपल्यावर म्हणजे आपण हरल्यावर.”

“किंवा जिंकल्यावर.”

“हो,” मालक म्हणाले, “तेही आहेच.”

स्पर्धा चालू असताना क्लब सोडून जायचं नाही, हा त्यांच्यातला अलिखित नियम. लग्नाच्या तारखासुद्धा ती बघून धरतात. त्या जेवणानंतर घरातला हिशोब अगदी सरळ झाला. संघ जिंकत राहील तोवर मुलगा घरात. ज्या रविवारी हरतील, त्या आठवड्यात तो जाणार. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण मालक त्या दिवसापासून वेगळेच दिसायला लागले. संघाचे प्रशिक्षक तेच होते, आणि आतापर्यंत त्यांचं प्रशिक्षण म्हणजे सामन्याआधी एक शिवी आणि नंतर एक चहा. आता ते संध्याकाळी व्हॅन काढून माणसं गोळा करायला लागले. कुणी क्रिकलवुडला राहतो, कुणी साउथॉलच्या साइटवर, कुणी सगळंच सोडून पबमध्ये बसलाय. पस्तिशी उलटलेल्या, गुडघे गेलेल्या दोघांना त्यांनी पुन्हा मैदानात उभं केलं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एवढ्या खालच्या दर्जाच्या सामन्यात गोलपोस्टजवळ उभे राहणारे पंच क्लबांनीच द्यायचे असतात, प्रत्येक पोस्टशी एक. पांढरा कोट घालायचा, आणि जवळ दोन निशाणं ठेवायची. गोल झाला की हिरवं हलवायचं, पॉइंट झाला की पांढरं. आमचा गोलकीपर प्लॅस्टरचं काम करणारा, चांगलाच अवजड गडी होता. मला तो ‘कॉम्प्युटर’ म्हणायचा.

“कॉम्प्युटर, सोपं आहे रे. हिरवं गोल, पांढरं पॉइंट. शंका आली तर माझ्याकडे बघ.”

“पण तू तर गोलकीपर आहेस.”

“म्हणून तर सांगतोय.”

मालक म्हणाले, “त्याचं ऐकू नकोस. जे दिसेल तेच दाखव. आमच्यात दुसरं काही नसेल, पण पंच खोटा नसतो.” माझा कोट त्यांनी स्वतः इस्त्री करून दिला.

पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. ‘आम्ही’ असं मी कधी म्हणायला लागलो ते आठवत नाही. त्यानंतर सेमीफायनल, लंडनच्या पश्चिम टोकाच्या मैदानावर. वरून विमानं उतरत होती, बघायला फार तर पन्नास माणसं, त्यातली अर्धी खेळाडूंची नातेवाईक. शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही मागे होतो. मग मुलाने लांबून एक चेंडू दांडीवरून घातला आणि सामना बरोबरीत सुटला.

मी मालकांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. जिंकल्यावरही ते असे झाले नव्हते. व्हॅनमध्ये ते सारखं स्टिअरिंगवर हात मारत होते. “दोन आठवडे! दोन आठवडे मिळाले!”

मागून गोलकीपर म्हणाला, “बॉस, आपण जिंकलो नाही, माहितीये ना?”

“तू गप. तुला काय कळतंय.”

सगळे हसले. मुलगा पुढच्या सीटवर होता. तो हसला नाही, बाहेर बघत राहिला.

त्या दोन आठवड्यांत मामाचे फोन वाढले. फोन जिन्याच्या पायथ्याशी होता आणि माझी खोली वरच, त्यामुळे ऐकू यायचंच. मुलगा हळू आवाजात “हो, हो, कळतंय” म्हणायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी स्वयंपाकघरात वरण शिजवत होतो, तो आला आणि खिडकीला टेकून उभा राहिला. मालक कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात गेले होते.

“मामा म्हणतो, मोठ्या कामाचं छप्पर चढवायचंय. दोनदा थांबला तो माझ्यासाठी. आता दुसरा माणूस बघतो म्हणतोय.”

“मग बाबांना सांग ना.”

“काय सांगू? तुला सोडून जायची घाई झालीये म्हणून?” तो थांबला. “तू सांगितलंस तुझ्या बापाला, परत येणार नाही म्हणून?”

“मी परत जाणार आहे.”

“माझा बापसुद्धा हेच म्हणायचा. आई होती तोवर दरवर्षी, पुढच्या उन्हाळ्यात कायमचं जाऊ. तिकडे आता त्याच्या भावाचं घर आहे, त्याचं नाही. जाऊन बसेल कुठे? आणि आई इथे पुरलेली.” त्याने झाकण उचलून वरणात डोकावलं. “हे पिवळं काय असतं रे रोज?”

मी जरा धीर करून विचारलं, “उद्या हरावं असं वाटतं का तुला?”

तो चिडलाच. “हरायला मैदानात उतरत नाही मी. कधीच नाही.” आणि मग झाकण ठेवत म्हणाला, “पण पुन्हा ड्रॉ झाला ना, तर मला वेड लागेल.”

तो दुसरा सामना नेमका गणपतीतल्या रविवारी आला. पिनरमध्ये आमच्या अमरावतीचेच एक डॉक्टर राहत. त्यांच्या घरी दरवर्षी गणपती बसायचा, आणि त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला परक्या देशात दोन घास प्रेमाने वाढले होते. त्यांना नाही म्हणणं अवघड गेलं.

“अरे, आरतीला माणसं नकोत का? इथल्या पोरांना टाळ धरता येत नाही, तुझ्यावर भिस्त आहे. कसली मॅच एवढी?”

“हर्लिंगची, काकू. हॉकीसारखं असतं.”

“तू खेळतोस?”

“नाही, मी निशाण दाखवतो.”

“म्हणजे बाप्पाला सोडून तू निशाण दाखवायला जाणार.”

“काकू, घरमालकांचा मुलगा... हरले तर तो जाईल.”

मी जमेल तसं सांगितलं. त्यांची दोन्ही मुलं युनिव्हर्सिटीसाठी बाहेरगावी गेलेली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. “बरं, जा,” त्या म्हणाल्या. “मोदक ठेवते. त्या दोघांसाठीही घेऊन जा.”

रविवारी वारा होता. माझा पोस्ट डावीकडचा. दुसऱ्या पोस्टशी समोरच्या क्लबचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी मला पेपरमिंट दिलं. उत्तरार्धात समोरच्यांचा गोल आम्हा दोघा पंचांच्या टोकाला आला, म्हणजे आमचे गडी माझ्याच दिशेने चढाई करणार होते. सामना पुन्हा तसाच, कुणीच सुटून पुढे जाईना. शेवटची मिनिटं आली तेव्हा आम्ही एका पॉइंटने मागे होतो. आमच्या एका गुडघे गेलेल्या गड्याला समोरच्याने मागून पाडलं आणि रेफ्रीने आम्हाला ‘फ्री’ दिली, हॉकीतल्या फ्री हिटसारखी. गोलपासून वीसेक यार्डांवर, अगदी समोर.

अशी फ्री म्हणजे हातचा पॉइंट. मुलगा तो डोळे मिटून घालायचा. अंगणात मी त्याला किती वेळा बघितलं होतं, चेंडू काठीने उचलायचा आणि शेजारणीच्या धुराड्यावरून पलीकडच्या हिरवळीवर टाकायचा. दांडीवरून एक पॉइंट, की बरोबरी, की आणखी दोन आठवडे. मैदानावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मी वाकून पांढरं निशाण हातात घेतलंही. चेंडू जाण्याआधी असं घ्यायचं नसतं. शिक्षक माझ्याकडे बघून किंचित हसले, रागावले नाहीत.

बाजूच्या रेषेवरून मालकांचा आवाज आला, “वरून! वरून घे!” आमच्या गोलमधून, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाहून, गोलकीपरही ओरडत होता. समोरच्या संघाचे गडी गोलरेषेवर उभे राहिले होते, भिंतीसारखे, कारण अशा वेळी उभं राहायचंच असतं. पण त्यांच्या काठ्या सैल होत्या. त्यांनाही वाटत होतं, हा पॉइंटच घेणार.

मुलाने चेंडूपाशी उभं राहून एकदा वडिलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, निदान मला तरी तसं वाटलं. मग त्याने माझ्याकडे, म्हणजे गोलकडे पाहिलं. तो खाली वाकला, चेंडू उचलला, आणि अख्खं अंग झोकून सरळ जमिनीलगत, गोलमध्ये मारला.

काठ्यांवर काठी आपटावी तसा आवाज झाला. चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून वर उडाला, कुणीतरी तो दूर भिरकावला. रेफ्रीने शिट्टी वाजवली आणि सामना संपला.

समोरच्या संघाचे लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. मुलगा तिथेच काठीवर रेलून उभा होता. मालक रेषेवरून चालत आत आले. मला वाटलं, बोलतील. त्यांनी त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आपल्या काखेत घेतलं, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला बाहेर नेलं. गोलकीपर माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा मातीने भरलेला होता. “पॉइंट होता रे,” तो म्हणाला. “कॉम्प्युटर, आईच्यान, पॉइंट होता तो.” मी निशाण गुंडाळत होतो.

सामन्यानंतर संघाच्या जर्सी धुवायची पाळी त्या आठवड्यात मालकांकडे होती. चिखलाने जड झालेल्या जर्सी त्यांनी तिन्हीसांजेला मशीनमधून काढल्या, आणि मी त्या अंगणातल्या दोरीवर टाकायला मदत करायला गेलो. मुलगा गोलकीपरबरोबर बाहेर गेला होता. आम्ही दोन टोकांना उभे राहून एकेक जर्सी झटकत होतो.

“तो पॉइंट घेऊ शकला असता,” मालक म्हणाले.

मी म्हटलं, “तो जिंकायला गेला. गोल झाला असता तर आपण फायनलमध्ये होतो.”

त्यांनी चिमटा लावला. दुसरा लावला. जर्सीची बाही सरळ केली.

“हो,” ते म्हणाले. “आपण तसंच म्हणू.”

आणि तसंच म्हटलं गेलं. पबमध्ये, क्लबात, सगळीकडे. जिगर असलेला पोरगा, बरोबरी नको म्हणाला, सरळ गोलवर गेला. खरं काय ते मला आजही नक्की माहीत नाही. स्वयंपाकघरातलं त्याचं बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही. मालकांनी विचारलंही नाही. मला वाटतं, न विचारण्याएवढं त्यांना कळलेलं होतं. हरायचं त्याच्या मनात नव्हतं, याची मला खात्री आहे. त्याला फक्त आज काय तो निकाल हवा होता, आणि ‘बाबा, मी जातो’ हे तोंडाने म्हणायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी तो क्लब ज्युनिअरमध्ये उतरलाच नाही. पंधरा माणसं जमेनात. शेजारच्या एका क्लबात ते मिसळले, जर्सीचा रंग त्या क्लबाचा ठेवला. मालक एकदा सामना बघायला गेले, अर्ध्यातून परत आले. म्हणाले, थंडी होती. मला पुढे बेसिंगस्टोकला क्लायंटकडे पाठवलं, तेव्हा मी ती खोली सोडली. काही वर्षांनी तिकडची कामं एकाएकी थांबली आणि तरुण पोरं पुन्हा लंडनला यायला लागली, असं ऐकलं. मुलगा मात्र तिकडेच राहिला. त्याचं लग्न झालं होतं.

तो गेला तो त्या सामन्यानंतरचा बुधवार होता. सकाळीच. हत्यारांच्या पेट्या, कपड्यांच्या दोन बॅगा आणि पिनरच्या काकूंच्या मोदकांचा डबा, एवढं त्याच्या व्हॅनमध्ये भरलं. वेल्सच्या बंदरापर्यंत गाडीने जायचं आणि तिथून बोट. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, “ते पिवळं काय ते शिकव बापाला.” मालक गाडीभोवती फिरून टायर बघत होते. मग ते खिडकीशी वाकून काहीतरी बोलले, मुलाने मान डोलावली, आणि गाडी निघाली. रस्त्याच्या टोकाला तिचा इंडिकेटर लागला, ती वळली. मालक तरीही थोडा वेळ तिकडेच बघत उभे होते. समोरच्या घरातल्या बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या तेव्हा त्यांना हात करून ते आत आले.

मला ऑफिसला उशीर झाला होता, पण मी निघालो नाही. चहा केला. ते टेबलाशी बसले.

“तू इकडे यायला निघालास,” ते म्हणाले, “तेव्हा तुझे वडील काय म्हणाले होते?”

मी आठवलं. आमच्या गावचं एसटी स्टँड, नागपूरची गाडी, आई रडत होती. वडील खिडकीखाली उभे होते. मी पहिल्यांदा विमानात बसणार होतो, देश सोडून चाललो होतो.

“‘हात खिडकीच्या आत घे,’ म्हणाले.”

मालकांनी मान हलवली. कपाची कड बोटाने पुसली.

“मी डिझेल भरलंस का, विचारलं,” ते म्हणाले.

मग आम्ही चहा प्यालो. तो निवत चालला होता, पण दोघांनीही तो पूर्ण संपवला.